म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी उत्तम बिछाने

पैजेत पैसे लावणं आमच्यात हराम. म्हणून कुद्दुसच्या चहाच्या टपरीवर आम्ही अब्रू लावतो. ती फुकट मिळते आणि गेली की पैशापेक्षा जास्त झोंबते. मी आजवर एकही पैज हरलेलो नाही. बांगलादेशात, बोगुड्याच्या मालतीनगरला कुणालाही विचारा, मोंटू झेरॉक्सवाला म्हणजे कोण.

त्या थंडीत मी आतिकशी पैज लावली. आतिक म्हणजे हाजी मोतालेबसाहेबांचा घरजावई. नावाने त्याला कुणी हाक मारायचं नाही. त्याची बायको लाबोनी 'अहो' म्हणायची आणि उरलेली आळी 'जामाई'. भाजीवालासुद्धा त्याला म्हणायचा, जामाई, हाजीसाहेबांना सांगा आज पालक कोवळा आलाय.

आमच्याकडे जावई जेवायला बसला की माशाचं डोकं त्याच्या ताटात पडतं. पण तो पाहुणा आलेला जावई. घरात राहणाऱ्याला शेपूट. माझी न् हाजीसाहेबांची भिंत एक, त्यामुळे मला त्यांच्या ताटातलं सगळं ऐकू येतं. स्वतः डोकं चोखत ते म्हणायचे, काटे नीट काढ जामाई, घशात अडकला तर डॉक्टरचे पैसे परत मलाच द्यावे लागतील. यावर आतिक काही बोलायचा नाही. शेपटीत काटे फार असतात, तोंड कामात असायचं.

दिवसा तो कोचिंग क्लासात इंग्रजी शिकवायचा आणि उरलेल्या वेळात वेबसाइट चालवायचा. कसली, ते आम्हाला बरेच दिवस कळेना. एकदा टपरीवर त्याला पकडलाच. त्याने मान खाली घालून सांगितलं, म्हाताऱ्या कुत्र्यांच्या बिछान्यांची.

कुद्दुसने किटली खाली ठेवली. मी म्हटलं, आम्ही काही चुकीचं ऐकलं नाही ना? तर नाही. अमेरिकेत म्हणे कुत्रं म्हातारं झालं, त्याचे सांधे दुखायला लागले, की मालक त्याला गादी घेतो. कुठली घ्यावी म्हणून गुगलवर शोधतो. तिथे आतिकचं पान दिसलं तर वाचतो, खालच्या लिंकवर बोट ठेवतो आणि एका मोठ्या दुकानात जाऊन गादी घेतो. त्यातले थोडे पैसे दुकान आतिकला देतं. आतिकचं ना दुकान, ना गादी, ना कुत्रं. कुत्रं दिसलं की हा माणूस लुंगी सावरून पलीकडच्या फुटपाथवर जायचा. पण साइटवर त्याचं नाव होतं मार्गारेट. विधवा, केस पांढरे, दोन लॅब्रेडॉर. फोटो कुठल्या तरी गोऱ्या म्हातारीचा.

मी त्याला म्हटलं, सासऱ्याच्या घरात जावई आणि साइटवर विधवा, तू कुठेतरी पुरुष आहेस का रे? टपरी खो खो हसली. नमाजाला निघालेले हाजीसाहेब थांबून हसले, तेच सगळ्यांत मोठ्याने. तेव्हा आतिक पहिल्यांदा चिडून बोलला. म्हणाला, या साइटच्या जोरावरच मी भाड्याची खोली घेईन आणि तुमच्या आळीतून जाईन.

अशी वाक्यं माझ्यासमोर कोण बोलतं?

"लावतोस पैज?" मी म्हटलं. "कुर्बानीच्या ईदला तू स्वतःच्या छताखाली झोपलास, तर तुझा बोकड मी खांद्यावर घेईन. बाजारातून थेट तुझ्या दारापर्यंत. वाटेत बें बें करत."

"आणि नाही झोपलो तर?"

"तर इथं, कुद्दुसच्या दारात गोणपाट अंथरायचं आणि त्यावर म्हाताऱ्या कुत्र्यासारखं वेटोळं करून पडायचं. माझा एक कप चहा संपेपर्यंत."

आतिकने सासऱ्याकडे पाहिलं. हाजीसाहेब दाढीतून बोटं फिरवत होते. आतिक म्हणाला, "मोंटूभाई, बोकड मी मोठा घेणार. तुम्ही आत्तापासून व्यायाम करा."

पोरगं बरं बोललं. मला आवडलं ते. पण पैज ती पैज.

पौष-माघात काही हललं नाही. मी रोज विचारायचो, काय मार्गारेटबाई, आज किती कुत्री निजली? तो म्हणायचा, अजून एकही नाही. मग मी कुद्दुसला सांगायचो, गोणपाट धुऊन ठेव, जामाईला पिसवा होतील.

फाल्गुनात मात्र त्याचं पान वर चढलं. कसं, ते त्यालाच ठाऊक. दुकान बंद करताना मला त्याच्या खोलीतला उजेड दिसायचा आणि लाबोनीचा आवाज यायचा. तो तिला वाचून दाखवायचा, ती विचारायची, अहो, पण कुत्र्याची मान दुखते हे तुम्हाला कसं कळलं? तो म्हणायचा, आब्बांच्या घरातली उशी बघ ना. दोघं हसायची. त्या घरात हसणं ऐकू येणं ही नवीन गोष्ट होती.

मग आळीत बातम्या फुटायला लागल्या. लोक घेतायत म्हणे गाद्या, रोज. आतिकने कोचिंग क्लास सोडला, सगळा वेळ साइटला द्यायला. सुत्रापूरला दोन खोल्या बघितल्या, घरमालकाला शब्द दिला. लाबोनीने एक नवी कढई घेतली आणि बापाला दिसू नये म्हणून पलंगाखाली सरकवली. ते मला माझ्या बायकोकडून कळलं, आणि माझ्याकडून अर्थातच सगळ्यांना.

बाजारात बोकडवाले मला बघून डोळे मारायला लागले. एकाने तर एक दांडगा काळा बोकड दाखवला, म्हणाला, मोंटूभाई, हा जामाईसाठी राखून ठेवलाय, खांदा दाखवा जरा.

एका दुपारी आतिक माझ्या दुकानात आला. माणसाला सुख झालं की त्याला ते कुठेतरी ओतायचं असतं, आणि बायकोला सगळं सांगून झालेलं असतं. मी त्याला सिंगाडा, म्हणजे बटाट्याचा समोसा, दिला, खुर्ची दिली. तो सांगत बसला. पैसे लगेच मिळत नाहीत, दुकान दोन महिने धरून ठेवतं. इथल्या बँकेत घ्यायची भानगड नको म्हणून त्याने लाबोनीच्या भावाचं, न्यूयॉर्कच्या टिपूचं, नाव आणि बँकखातं दुकानाला दिलंय. पैसे तिथे पडणार, टिपू इकडे पाठवणार. पहिला मोठा हप्ता ईदच्या आधी. त्यातूनच खोल्यांची आगाऊ रक्कम.

"फक्त एक आहे मोंटूभाई," तो सिंगाड्याचा तुकडा मोडत म्हणाला. "दुकान फार कडक. आपल्या माणसाने आपल्याच लिंकवरून काही घेतलं तर त्यांना लगेच वास येतो. खातं कायमचं बंद आणि अडकलेले पैसेही गेले. म्हणून लाबोनीला मी ते पान फोनवर उघडूसुद्धा देत नाही."

मी म्हटलं, बरोबर आहे, जपून राहा. आणि त्याला दुसरा सिंगाडा दिला.

आता टिपूचं सांगतो. आतिक त्याचा दुलाभाई, म्हणजे बहिणीचा नवरा. टिपूला पतंग उडवायला मी शिकवलं, सायकल मी शिकवली. तिकडे टॅक्सी चालवतो, पण मालतीनगरची आठवण आली की दर जुम्म्याला मला फोन करतो. त्या जुम्म्याला मी त्याला म्हटलं, तुझ्या दुलाभाईची मला फार काळजी वाटते रे. नोकरी सोडून बसलाय, साइट काही चालत नाही, तुझ्या बापाचं बोलणं ऐकून ऐकून वाळलाय. मदत मागणार नाही, मानी माणूस. तू असं कर, त्याच्या लिंकवरून एखादी चांगली महागातली गादी घे. त्याला बरकत येईल. पण बोलू नकोस, पुरुषमाणसाला लाज वाटते.

टिपूने टॅक्सी कडेला घेतली. मग भरल्या आवाजात म्हणाला, मोंटूभाई, तुम्ही नसता तर मला हे कळलंच नसतं.

मी म्हटलं, अरे, शेजारी कशासाठी असतात.

पोरगं दिलदार. सगळ्यात महागातली घेतली, आणि स्वतःच्याच नावावर घेतली. ज्या नावावर दुकान पैसे देणार त्याच नावावर माल. वास काढायला कुत्रंसुद्धा लागलं नसतं.

वैशाखात आतिकला दुकानाचा मेल आला. नियम मोडला, खातं बंद, शिल्लक जप्त. कुठला नियम, ते लिहिलं नव्हतं. त्याने लाबोनीला विचारलं, तिने कुराणावर हात ठेवला. टिपूला कळवायची त्याला लाज वाटली. त्याने दुकानाला पत्रांवर पत्रं लिहिली. मला दाखवायला आणायचा, मोंटूभाई, बघा, इंग्रजी जास्त कडक झालं का? मी वाचून म्हणायचो, नाही, छान आहे, अजून थोडं नम्र लिही. तो परत लिहायचा. उत्तर दर वेळी तेच यायचं. मग त्याने दुसऱ्या छोट्या दुकानांना अर्ज केले, पण तोवर सुत्रापूरच्या खोल्या दुसऱ्याला गेल्या होत्या आणि कोचिंग क्लासात नवा मास्तर बसला होता. आतिक सासऱ्याच्या तांदळाच्या गोदामावर पोती उतरवून घ्यायला उभा राहू लागला. पलंगाखालची कढई हाजीसाहेबांना सापडली. ते म्हणाले, चांगली आहे, आपल्याच चुलीवर चालेल.

कुर्बानीच्या ईदला टिपू आला. चार वर्षांनी. आंबे, लिची, सामानाच्या चार बॅगा, रडारड. ईदच्या दुसऱ्या दिवशी, सगळ्यांच्या घरी मटण वाटून झाल्यावर, आळी कुद्दुसच्या टपरीवर जमली. कुणाला निरोप द्यावा लागला नाही. हाजीसाहेबांसाठी खुर्ची आणली होती. बायका समोरच्या गच्चीत, त्यांत लाबोनी. ती यायला नको म्हणत होती म्हणे, पण तिच्या बापानेच तिला उभं केलं.

आतिक आला. ईदचा पांढरा पंजाबी कुडता घातलेला, इस्त्री केलेला. कुद्दुसने गोणपाट अंथरलं. मी कप हातात घेतला. आतिक बसायला वाकला, तेवढ्यात घराकडून टिपू पळत आला, हातात एक भलामोठा खोका. त्याला वाटत होतं सगळी गंमतच चाललीय. चार वर्षं बाहेर राहिलं की माणसाला आपल्या आळीचं हसणं ओळखू येत नाही.

"थांबा दुलाभाई," तो ओरडला. "गोणपाटावर कशाला? बघा मी तुमच्यासाठी काय आणलंय."

खोका फाडला. आत गादी. राखाडी, मऊ, कडेने गोल उशी शिवलेली. टपरी जी हसली की झाडावरचे कावळे उडाले. टिपूचा चेहरा फुललेला. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होता, दुलाभाईंच्या साइटवरूनच घेतली, त्यांच्याच लिंकवरून, चैत्रात. तेवढीच त्यांना मदत. आणि श्रेय माझं नाही बरं का, मोंटूभाईंनी सांगितलं म्हणून सुचलं.

गच्चीत लाबोनी हसली. इतक्या दिवसांनी कुणीतरी तिच्या नवऱ्यासाठी काहीतरी केलं होतं, डोळे पुसत हसली ती.

आतिकने गादीकडे पाहिलं. मग टिपूकडे. मग माझ्याकडे. हिशेब जुळायला त्याला वेळ लागला नाही, पोरगं हुशारच. मी कप उचलून त्याला सलाम केला. आता त्याने तोंड उघडलं असतं तर टिपू जागच्या जागी मेला असता, आणि लाबोनीने भावाचं तोंड जन्मात पाहिलं नसतं. हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं.

"छान केलंस टिपू," आतिक म्हणाला.

मला त्याचं हेच आवडतं. गिळता येतं त्याला, काट्यांसकट.

त्याने चपला काढल्या, गादीच्या बाजूला नीट जोडून ठेवल्या, आणि कुशीवर पडला. गुडघे पोटाशी घेतले. गादी त्याला आखूड पडत होती, पाय बाहेर आले. कुणीतरी भुंकलं. मग सगळेच भुंकायला लागले, टिपूसुद्धा, हसत हसत. हाजीसाहेबांनी चुटकी वाजवून चुचकारलं. एका म्हाताऱ्याने आतिकच्या तोंडासमोर मटणाचं हाड टाकलं. गच्चीतून लाबोनी आत गेली.

 आतिकचा हात मात्र चालू होता. बोटांनी तो कडेची उशी दाबून बघत होता, शिवण चाचपत होता, खालची चेन ओढून बघत होता. ज्या वस्तूवर त्याने पानंच्या पानं लिहिली ती त्याने पहिल्यांदाच हातात घेतली होती. मी वाकून विचारलं, "काय मार्गारेटबाई, कशी आहे?"

"कड बुटकी आहे," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "मान टेकत नाही. टेकते असं मी लिहिलं होतं."

टपरीवरून कुणीतरी ओरडलं, मोंटूभाई, संपला की नाही चहा? मी कपात बघितलं. अर्धा होता अजून, आणि पैज चहा संपेपर्यंतची होती, चहा कसा प्यायचा ते कुणी ठरवलं नव्हतं. मी बाक ओढून आतिकच्या डोक्याशी बसलो, कुद्दुसला म्हटलं बिस्किट दे, आणि चहावर फुंकर घातली.