कोपऱ्यातला पेन्सिलीचा शेरा

मित्रांनो, कपाट म्हटलं की तुम्हाला कपडे आठवतील. पण माझ्या पोटात कधी सदरा गेला नाही. मी एक जुनं, बाभळीच्या लाकडाचं, चोवीस खणांचं नोंदकपाट आहे. वरकुट्याच्या एका सुतारानं मला घडवलं आणि बारामती-इंदापूरच्या शिवेवरच्या एका साखर कारखान्यात, शेतकी खात्यात, आणून उभं केलं. माझा एकेक खण म्हणजे एकेक गाव. कुणी कधी ऊस लावला याचं कार्ड त्याच्या गावाच्या खणात राहायचं आणि लागणीच्या तारखेप्रमाणे तोडणीची पाळी लागायची. चार हजार माणसांची पाळी माझ्या पोटात होती. मला त्याचा थोडा तोरा होता, खोटं कशाला बोलू?

माझा कारभार विजयमालाकडे होता. कळसच्या आक्काबाईंची ही लेक, घरातली एकटी कमावती. अकरा वर्षं काम करूनही कागदावर रोजंदारीवरच. दमट हवेत माझा कळसचा खण फुगून बसायचा. भलेभले ओढून घामाघूम व्हायचे. ती मात्र डाव्या गुडघ्यानं खाली हलकासा टोला द्यायची, की मी मुकाट्यानं उघडायचो.

तिची आणखी एक खोड होती. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात ती पेन्सिलीनं बारीक काहीतरी लिहून ठेवायची. ‘ऐकायला कमी, मोठ्यानं सांगणे.’ ‘लेक बाळंतपणाला आली आहे, निरोप दोन दिवस आधी देणे.’ आमच्याकडे भावकीत वाडवडिलांची नावं चालवायची रीत. त्यामुळे कळसमध्ये गेणबा दोन, दोघांच्या बापांचं नाव सोनबा, आडनाव एक, वाटणी तोंडी झालेली म्हणून गट नंबरही एकच. पाटाचं पाणी एकदम आलं म्हणून दोघांनी लागणही एकाच दिवशी केली. विजयमालानं एकाच्या कोपऱ्यात लिहिलं, ‘चिंचेखालचा’ आणि दुसऱ्याच्या, ‘ओढ्यापलीकडचा’. विषय मिटला.

पंच्याण्णव सालच्या उन्हाळ्यात कारखान्यात कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी गार हवेची खोली झाली. दाराशी चपला काढून आत जायचं. झुंबर शिपायानं नारळ फोडला आणि थेट पडद्यालाच हळदकुंकू लावलं. मी इतकी वर्षं पत्र्याखाली तापत होतो, मला कुणी अक्षता लावल्या नव्हत्या. असो.

कॉम्प्युटरबरोबर, तो बसवून द्यायला, पुण्याहून ऋषिराज आला. चष्मा, पायात मोजे आणि पहिलीच मागणी बिनसाखरेच्या चहाची.

“सायेब, कारखान्यात बिनसाखरेचा चहा पिताय? चेअरमन राजीनामा देतील!” विजयमाला म्हणाली.

तो हसला, पण तिच्या मनात त्या वेळी हसू नव्हतं. शेतकी अधिकारी मोहनराव तिला सकाळीच बोलले होते, “बाई, दिवाळीनंतर तुमचं काम ह्यो डबा करनार. तुमची तजवीज तुमी बघा.”

सारा पावसाळा ती एकेक कार्ड वाचत होती आणि तो पटापट बोटं चालवत होता. स्वतःच्याच कामाची निरवानिरव करायची म्हणजे काय असतं, ते मी तिच्या आवाजात ऐकलं. तरी तिनं एक कार्ड चुकवलं नाही. श्रावणापर्यंत ती त्याच्यासाठी वेगळा चहा ठेवायला लागली होती आणि तो, कार्डं संपू नयेत म्हणून की काय, एकेक नाव दोनदा विचारायला लागला होता. मी लाकडाचा असलो तरी एवढं मला कळतं.

“कोपऱ्यातलं बी लिवा की,” ती एकदा म्हणाली.

“त्याला यात रकानाच नाही हो,” तो म्हणाला. शेवटी त्यानं सारखी दिसणारी कार्डं दुबार समजून यादीतून काढून टाकली. मग झुंबरनं मला ढकलत नेऊन गोदामात बारदानाच्या थप्पीआड उभं केलं.

दिवाळी झाली, धुराडं पेटलं. विजयमालाला महिनाअखेरपर्यंत मुदत मिळाली. पुढचं मी झुंबरच्या तोंडून ऐकलं. एका सकाळी ओढ्यापलीकडचे गेणबा कचेरीत येऊन उभे राहिले. उसाला तुरे आलेले, शेजारच्या चुलतभावाचं रान तुटून मोकळं झालेलं आणि यांना तोडणीची चिठ्ठीच नाही.

“पडद्यावर कळसचा एकच गेणबा हाय,” मोहनराव गरजले. “बाईंनी नोंदच केली न्हाय!”

“केलीय. माज्या हातानं केलीय,” ती म्हणाली.

“मग दावा कार्ड!”

ऋषिराज धावतच गोदामात आला. त्यानं कळसचा खण ओढला, पाय रोवून ओढला, दोन्ही हातांनी ओढला आणि बारदानावर उताणा पडला. मागून विजयमाला आली. गुडघ्याचा टोला दिला. मी उघडलो. तिनं दोन्ही कार्डं त्याच्या हातात ठेवली. त्यानं कोपरे वाचले आणि त्याचा चेहरा उतरला.

“हे मीच काढलं. दुबार म्हणून.”

मित्रांनो, त्या क्षणी तिनं नुसतं कार्ड नेऊन दाखवलं असतं, तर तिच्यावरचा आळ गेला असता आणि हा पठ्ठ्या तोंडघशी पडला असता. पण ती म्हणाली, “सायेब, मशीन चुकलं म्हना. मशीनला कोन कामावरनं काढत न्हाय.”

तो उठला, बारदानाची धूळही न झटकता कचेरीत गेला आणि सगळ्यांदेखत मोहनरावांना म्हणाला, “मशीन चुकलेलं नाही. बाईंनी लिहिलेलं मी वाचलं नाही. त्या नसतील तर हे मशीन आंधळं आहे. तसं मी लेखी देतो.”

गेणबांना त्याच दिवशी चिठ्ठी मिळाली. आठवड्याभरात पडद्यावर ‘ओळख’ नावाचा नवा रकाना आला आणि तो भरायला विजयमालाला कायमची ऑर्डर मिळाली. आक्काबाईंनी साऱ्या कचेरीला पुरणपोळी पाठवली.

काम संपलं. पुण्याला जायच्या दिवशी ऋषिराज तिला घेऊन गोदामात आला. “एक नोंद राहिलीय,” म्हणत त्यानं भरलेलं कार्ड पुढे केलं. नाव: ऋषिराज. गाव: पुणे, पण बदलायला तयार. लागणीची तारीख: नक्की सांगता येत नाही, बहुधा श्रावण. पाण्याची सोय: बिनसाखरेचा चहा.

तिनं ते दोनदा वाचलं. पदरानं डोळे पुसले. अंबाड्यातली पेन्सिल काढून कोपऱ्यात काहीतरी लिहिलं, कार्ड कळसच्या खणात टाकलं, खण लोटला आणि निघून गेली.

बिचाऱ्यानं ओढलं. गुडघाही मारला, पण उजवा. आयुष्यभर मी कुणाला नियम मोडून उघडलो नव्हतो. त्या दिवशी मोडला. आपणहून उघडलो.

पुढे कारखान्यानं मला भंगारात काढलं, तेव्हा त्या दोघांनी मला घरी आणलं. आता कोऱ्हाळ्याच्या खणात तूरडाळ आहे आणि वरकुट्याच्या खणात त्यांच्या लेकीचे, छोट्या राजनंदिनीचे खडू. मित्रांनो, नवं खुशाल आणा, मी त्याच्यावर रुसलेलो नाही. फक्त जुनं फेकण्याआधी त्याच्या कोपऱ्यात कुणी काय लिहून ठेवलंय तेवढं वाचा. आणि ते उघडत नसेल तर लाथ घालू नका. ज्याला ते उघडतं त्याला बोलवा.

कळसच्या खणात मात्र कुणी काही ठेवत नाही. तिथं एकच कार्ड आहे. त्याच्या कोपऱ्यात, ‘चिंचेखालचा’ आणि ‘ओढ्यापलीकडचा’ ज्या हातानं लिहिलं त्याच बारीक अक्षरात, पेन्सिलीनं लिहिलंय: ‘आमचा’.