मंडळी, सहा वाजले

एकतीस वर्षं थर्मन वॉर्डलोचं काम एकच होतं. संध्याकाळी सहाला टॉवर रिकामा करायचा. क्लीव्हलंडच्या डाऊनटाऊनमधला एकवीस मजली टॉवर, सगळा विमा कंपन्यांचा. सहाच्या ठोक्याला थर्मन माईक हातात घ्यायचा आणि मजल्यामजल्यावरच्या भोंग्यातून सांगायचा, "मंडळी, सहा वाजले. आता घरी जा." मंडळी मोटारी काढून उपनगरांत पळायची. शनिवार-रविवार दाराला साखळी. मग डाऊनटाऊनमध्ये कबुतरं आणि सरोवरावरचा वारा, तिसरं कुणी नाही.

पुढे कारकून घरी बसूनच काम करू लागले आणि कंपन्यांनी गाशा गुंडाळला. नव्या मालकानं टेबलं भंगारात काढली, तिथे स्वयंपाकाचे ओटे बसवले, फ्लॅट पाडले आणि भाडेकरू आणले. थर्मनला दारावर ठेवून घेतलं, पण महिन्याच्या बोलीवर. "चौथी तक्रार आली की रामराम," मॅनेजर ट्रेंट म्हणाला. हा ट्रेंट सव्वीस वर्षांचा, हनुवटीवर मोजून बारा केस.

पण सवय म्हणजे कुत्र्याचं शेपूट, नळीत घातलं तरी वाकडंच. दुसऱ्याच दिवशी पायजम्यातला एक तरुण कॉफी घेऊन आत शिरला. थर्मननं वही पुढे सरकवली. "कुणाला भेटायचंय?"

"माझ्या फ्रिजला."

"वेळ ठरलीय का?"

ही पहिली तक्रार. त्याच आठवड्यात सहा वाजता हात आपसूक माईककडे गेला, आणि नवव्या मजल्यावरची एक मुलगी डोक्याला साबण तसाच ठेवून भांडायला खाली आली. ही दुसरी. तिसरी म्हणजे कळस. शनिवारी दुपारी त्यानं शांतपणे दाराला साखळी घातली आणि केस कापायला निघून गेला. आतले आत, बाहेरचे बाहेर, आणि अकरा कुत्री मधल्या काचेला नाक लावून.

तक्रार केली नाही ती एका द्वोराकबाईंनी. त्यांनी चौदाव्या मजल्यावर अठ्ठावीस वर्षं विम्याचे कागद लावले होते आणि निवृत्त झाल्यावर नेमका तिथलाच फ्लॅट घेतला होता. "फायलींचं कपाट होतं ना, तिथे आता माझा पलंग आहे," त्या सांगायच्या. "इतकी वर्षं तुम्ही मला हाकललंत, थर्मन. आता भाडं भरते. हाकला बघू."

थर्मन हसायचा, पण मनात तक्रारी मोजायचा. नोकरी गेली म्हणून तो उपाशी मरणार नव्हता, पेन्शन होती. त्याला धास्ती होती ती स्वतःच्या गल्लीची. पूर्वेकडच्या त्या गल्लीत एके काळी बत्तीस घरं नांदत होती. आता दिवे दोनच लागायचे, एक त्याच्याकडे, एक समोरच्या ओडेसाकडे. आणि ओडेसाचा मुलगा तिला अटलांटाला न्यायच्या गोष्टी करत होता. डाऊनटाऊनची वस्ती कशी वाढतेय, हे ट्रेंट येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. मग माझ्या गल्लीतली माणसं गेली कुठे, हे विचारावं असं थर्मनला फार वाटायचं. इथे निदान दिवसाला दोनशे माणसं तोंडासमोरून जात. तिथे बोलायचं कुणाशी, गवताशी?

महिना संपायला चार दिवस उरले होते. शनिवारी सकाळी दहाला आगीची घंटा वाजली. त्या आठवड्यात ती पाच वेळा वाजली होती, दर वेळी कुणाचा तरी पाव करपला म्हणून. त्यामुळे कुणी कूस बदलली नाही. ट्रेंट फोनवरून सगळ्यांना निरोप धाडत सुटला, पण निरोप वाचतो कोण? यावेळी मात्र थर्मनला कॅमेऱ्याच्या पडद्यावर नवव्या मजल्याच्या मागच्या जिन्यात खरोखरच काळा धूर दिसला.

माईकला हात लावणार नाही अशी थर्मननं शपथ घेतली होती. गेली खड्ड्यात. त्यानं माईक ओढला, 'आग' म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं?

"मंडळी, सहा वाजले. आता घरी जा."

मग दारं आपटली. आज या म्हाताऱ्याला सोडायचा नाही, असं म्हणत एकवीस मजले पुढच्या जिन्यानं खाली उतरले. कुणी टॉवेलात, कुणी एका बुटात, काखेत कुत्री. "शनिवारी सकाळी दहाला?" ते त्याच्या अंगावर ओरडत होते, आणि थर्मन मान डोलवत एकेकाला दाराबाहेर काढत होता. "बरोबर आहे तुमचं. बाहेर बोलू. चला, बाहेर बोलू." शेवटी द्वोराकबाई आल्या, पर्स घेऊन, कोट घालून, जुन्या शिस्तीत.

बंबवाल्यांना आत एकही माणूस सापडला नाही. एक स्वयंपाकघर जळालं होतं, बस.

दुपारी ट्रेंटनं फोन पुढे धरला. "बोली चौथ्या तक्रारीची होती, थर्मन. या शहाण्णव आहेत." त्यानं बारा केस खाजवले. "एवढ्या लिहून घ्यायला माझ्याकडे जागा नाही. सोमवारी वेळेवर या. आणि ते माईकचं... असू द्या."

संध्याकाळी द्वोराकबाई पिरोगींचं, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्यांचं, ताट घेऊन खाली आल्या. थर्मन खुर्चीतच होता.

"सहा वाजले, थर्मन," त्या म्हणाल्या. "आता घरी जा."

थर्मननं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "जाईन. ओडेसा काल अटलांटाला गेली."

बाईंनी ताट त्याच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतःसाठी दुसरी खुर्ची ओढली.