यंदाचा बेलभंडारा

वृषालीला पुढं शिकायची परवानगी तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे कारभारी गुंजाळांनी दिली, पण एका अटीवर. शिकायचं तर आपल्या गावावर शिकायचं. आता सुनेला नगरला एम.ए. करायला धाडणारा सासरा खडकझिरीत दुसरा दाखवा बरं! विषय काय, तर शाश्वत विकास. आयाबायांना वाटायचं, पोरगी ग्रामसेवक होणार. पण डोंगरावर चर खणताना कारभारी सगळ्यांच्या पुढं असायचे, गावात त्यांचा शब्द चालायचा, तेव्हा त्यांच्या सुनेनं पाण्यावरच शिकावं हे ओघानं आलंच. प्रबंधही तिनं त्याच्यावरच घेतला: शेतीला एकही बोअर न पाडता या दुष्काळी गावानं पाणी कसं टिकवलं.

खरं सांगायचं तर टिकवलं ते खंडोबाच्या धाकानं. कायदेबियदे राहिले कागदावर. दर चैत्रात देवळापुढं घरटी एकानं बेलभंडारा उचलायचा, हा गावाचा रिवाज. तळहातावर बेलाचं पान नि हळदीचा भंडारा घ्यायचा आणि सगळ्यांदेखत म्हणायचं, आमच्या घरचं शेतीला बोअर न्हाई. खोटं बोललं तर ज्यानं उचललं त्याच्याच अंगावर येतं, ही पक्की समजूत. म्हणून तर भलेभले वाकडे लोक या गावात सरळ वागायचे.

वृषाली दर आठवड्याला टेपाला वजन बांधून विहिरी मोजायची. होळीनंतर सगळ्या विहिरी खाली खाली जात होत्या आणि तिच्या घरची मात्र वर चढत होती. पोरीला केवढा आनंद झाला! वरच्या अंगाच्या बांधानं पाणी मुरलं, असं तिनं लिहून टाकलं. दुसऱ्या कुणाची विहीर असती तर तिनं दहा शंका काढल्या असत्या. घरची म्हटल्यावर एकही काढली नाही. तिच्या मार्गदर्शक मधुवंती मॅडमनी ते परिसंवादात वाचून दाखवलं, टाळ्या पडल्या आणि मॅडमनी कळवलं की बेलभंडाऱ्याच्या दिवशी मी येते, ती विहीर मला डोळ्यांनी बघायचीय.

मॅडम येण्याआधी नमुन्याची बाटली भरावी म्हणून वृषाली विहिरीच्या पायऱ्या उतरली. चैत्रातलं विहिरीचं पाणी कसं, हात घातला की जीव गार व्हावा. हे कोमट लागलं. खोल जमिनीतलं, नुकतंच उपसलेलं पाणी असंच लागतं, एवढं तिला शिकून कळत होतं. दगडाआड एक पाइप पाणी सोडत होता. त्याच्या मागावर ती मळ्यातल्या कडब्याच्या गंजीपर्यंत गेली, चार पेंढ्या ओढल्या, तर खाली बोअर.

सासूबाईंनी, विमलबाईंनी, लपवालपवी केली नाही. भाकरी थापता थापता त्या हळूच बोलल्या. माघात सारं गाव सोनईला लग्नाला गेलं होतं, वृषाली परीक्षेला नगरला होती, तेव्हा पाडलं. डाळिंबं डोळ्यांदेखत वाळत होती, माणसाला धीर निघाला नाही. नवऱ्याला, सचिनला विचारलं तर तो म्हणाला, तुझं वर्ष निघू दे, मग बघू.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली पोरीची. खरं लिहावं, तर कारभाऱ्यांनीच पाडलं म्हटल्यावर उद्याच्या उद्या घरोघरी बोअरच्या गाड्या लागणार आणि गावानं इतकी वर्षं राखलेलं पाणी वर्षात संपणार. लपवावं, तर खोट्यावर पदवी. गाव बदलावं, तर अट मोडली, मग चुलीपुढं बसा. तिला संताप आला आणि संतापापेक्षा जास्त लाज वाटली, कारण या माणसाला तिनं मनापासून मानलं होतं. दोन दिवस घास उतरला नाही.

बेलभंडाऱ्याच्या सकाळी ती सासऱ्यांपुढं उभी राहिली.

"मामा, मला बोअर दिसलंय. तुम्ही आज सांगा, नाहीतर मॅडमना मी सांगते."

कारभाऱ्यांनी फेट्याचा शेवटचा पीळ बसवला.

"देवापुढं खोटं न्हाई बोलायचो मी, पोरी," ते म्हणाले.

वृषालीचा जीव भांड्यात पडला. दोन दिवसांनी ती पोटभर जेवली.

देवळापुढं गाव जमलं. मॅडमना खुर्ची दिली होती. पुजारी गोरक्षनाथ एकेका घराचं नाव घेत होते, एकेक जण उचलत होता. गुंजाळांचं नाव आलं, तसे कारभारी उठले आणि त्यांनी हात जोडले.

"यंदा आमच्या घरचा भंडारा सूनबाई उचलंल. शिकलेली हाय. बायामाणसांनी किती दिस मागं बसायचं?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईनं बेलभंडारा उचलायची गावातली ही पहिलीच वेळ. मॅडम तर खुर्चीवरून उठून मोबाईलवर व्हिडिओ काढायला लागल्या. आणि वृषालीला लख्ख कळलं, की म्हातारा सकाळी खरंच बोलला होता. खोटं त्याला बोलायचंच नव्हतं. त्याच्या अंगावर काही येणार नव्हतं.

तिनं त्यांच्याकडं बघितलं. ते खाली बघत होते. गोरक्षनाथांनी तिच्या तळहातावर बेल ठेवला, वर भंडारा टाकला. नुसता हात झटकला असता तरी गावाला समजलं असतं. बायांमध्ये विमलबाई बसल्या होत्या. त्यांनी हात जोडले होते, पण तोंड देवाकडं नव्हतं, सुनेकडं होतं. वृषालीनं तोंड उघडलं तेव्हा कुठलं वाक्य बाहेर पडणार हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

"आमच्या घरचं शेतीला बोअर न्हाई," ती म्हणाली.

आवाज कापलासुद्धा नाही. पुन्हा टाळ्या पडल्या. मॅडमनी तिला जवळ घेतलं नि म्हणाल्या, प्रबंधाचं शेवटचं प्रकरण आज तुला मिळालं बघ, महिलांचा सहभाग. आता ती विहीर दाखव. कारभारी पुढं आले. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला.

"आता तू खरी आमच्या घरची झालीस," ते हळूच म्हणाले आणि मॅडमना विहिरीची वाट दाखवायला तिला पुढं घातलं.