भेंडीला टाचलेली कार्डं

सिद्धगडाच्या पायथ्याशी कमळूची दहा गुंठे भेंडी होती. दोन हजार दोनच्या हिवाळ्यात औषध मारताना तो पाठीवरच्या पंपासकट बांधावर कोसळला. मुरबाडच्या दवाखान्यात दोन दिवस त्याच्या उशाशी बसलेल्या बायकोने, भिमीने, तेव्हाच ठरवून टाकलं की हा माणूस पुन्हा औषध मारणार नाही.

पुढच्या साली भेंडीत अळी दिसली, तशी ती धसईला जाऊन कृषी खात्याच्या मीनाताईंकडून कार्डं घेऊन आली. जाड कागदावर काळी पूड चिकटवावी तशी ती दिसत होती.

"यातून गांधीलमाशीच्या जातीची बारीक माशी निघंल," भिमी म्हणाली. "चावत नाय. किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालते, मंग अळी जन्मालाच येत नाय."

"ताईने सांगितलं नि तू ऐकलंस," कमळू हसला. तरी संध्याकाळी तिच्या मागोमाग फिरून त्याने पानांच्या खालच्या अंगाला कार्डाचा एकेक तुकडा टाचला.

पाच दिवस झाले तरी अळी दिसतच होती, तसं त्याला राहवेना. भिमी पाण्याला गेलेली बघून त्याने पंप भरला. ती परतली तेव्हा तो पहिल्या ओळीत उभा होता. हंडा खाली ठेवून ती सरळ त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"बाजूला हो गो. अंगावर उडंल."

"उडू दे. तुमच्या अंगावर उडलेलं चालतं ना?"

कमळूने पंपाचा दांडा सोडला. दवाखान्यात ती दोन दिवस जेवली नव्हती. तिने कधी सांगितलं नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याकडून त्याला कळलं होतं. त्याने पंप उतरवला.

भिमीने एक पान उलटं केलं. "ही किडीची अंडी. काळी पडली म्हंजे माशीने काम केलं."

कमळूला काही दिसेना. घरी जाऊन तो चष्मा घेऊन आला आणि दुपारपर्यंत पानं उलटत बसला. खसखशीएवढी अंडी, बरीचशी काळी.

भेंडी अगदी स्वच्छ निघाली नाहीच. किडकी भिमी घरी शिजवायची आणि कमळू कुरकुर न करता खायचा. पण पंप काही पुन्हा पाठीवर चढला नाही.

धसईच्या बाजारात टोकावड्याच्या मंगळ्याने त्यांच्या पाटीतली भेंडी बघून विचारलं, "औषध कुठलं मारलंस रे?"

कमळूने त्याला माशीचं सगळं समजावलं, अगदी हात हलवून. "मीच ठरवलं, औषध नाय मारायचं."

"हां, यांनीच ठरवलं," भिमी म्हणाली आणि भेंडी निवडत राहिली.