रिंगलेट सगळ्यांत मागे

उन्हाळ्यात घरी सांभाळलेलं शिकारी कुत्रं आपलं नसतं. थंडी लागली की ते शिकारीसाठी परत द्यायचं, आणि पुढच्या उन्हाळ्यात आलं नाही, तर का ते विचारायचं नाही. इंग्लंडमधल्या कंबरलंडच्या डोंगरात एस्थर हा नियम ऐकतच वाढली.

मी त्या शिकारीची मूक फिल्म. माझ्यात आवाज नाही, तरी आज बोलतेय.

इथल्या कोल्ह्याच्या शिकारीत घोडे नसतात. शेतकरी पायीच कुत्र्यांमागे कडे चढतात. धुक्यात कुत्री दिसत नाहीत, नुसती ऐकू येतात. सगळ्यांत वरचा आवाज रिंगलेटचा. एस्थरने पाच उन्हाळे सांभाळलेली ही कुत्री कोल्ह्यामागे पहिली असते, असं सगळे धरूनच चालले होते. शहरातून आलेल्या कॅमेरावाल्याला मात्र स्वच्छ दिवस मिळाला. समोर आलं ते मी टिपलं.

उन्हाळा सरताना मला शाळेच्या भिंतीवर दाखवलं. लोक आपापली कुत्री ओळखून ओरडत होते.

"तो बघ आमचा रॉकवुड!"

"त्याच्यापेक्षा तूच जास्त भुंकतोस."

मग दगडी कुंपण आलं. एकेक कुत्रं उडी मारून गेलं. बऱ्याच वेळाने रिंगलेट आली, जबडा सताड उघडा, पाय ओढत.

"पुढच्यांना थांबा म्हणून ओरडते होय ही!" कुणीतरी म्हणालं. खोली हसली.

शिकारी कुत्री चालवणारा मुख्य शिकारी आयझॅक हसला नाही. दिवे लागल्यावर तो एस्थरच्या वडिलांना म्हणाला, "सोमवारी रिंगलेटला नेतो. तुम्हाला नवं पिल्लू पाठवीन." बंदुकीचं नाव कुणी काढलं नाही, काढायचं नसतं.

मी खोटं दाखवलं नव्हतं. आता आकसून पत्र्याच्या डब्यात पडलेय. कुणी पुन्हा लावलंच मला, तर त्या कुंपणापाशी हसू नका. मी अर्धंच दाखवते.

त्या संध्याकाळी हे एस्थरलाच कळलं.

"आयझॅककाका, पाच वर्षं धुक्यात तुम्ही तिच्याच आवाजामागे चाललात. भिंतीवरचं मुकं चित्र बघून ती आज निकामी झाली?"

"हेच शिकवतात वाटतं तुला कॉलेजात," आयझॅक म्हणाला.

"एस्थर, नियम तो नियम," वडील म्हणाले. "गप्प बस."

"रिंगलेट येणार नाही. आणि पिल्लूही पाठवू नका. गोळी घालायला कुत्री वाढवून देणार नाही मी. बाकीच्या घरांतही कुत्री बायकाच वाढवतात. त्यांनाही विचारणार आहे."

मागे बशा गोळा करणाऱ्या बायका थांबल्या. आयझॅकने वडिलांकडे पाहिलं, वडिलांनी स्वतःच्या बुटांकडे.