येलदरीच्या दिशेची चिकटपट्टी

मी चारठाण्याच्या माळावरचा पांढरा घुमट बोलतोय. सरकारी कागदात माझं नाव हवामान रडार. पण या गावात जुनी देवळं इतकी, की मला उभं केलं त्याच आठवड्यात नर्मदाबाई नावाच्या म्हातारीनं माझ्यापुढं नारळ फोडला. संध्याकाळी तिची म्हैस व्याली. श्रेय मी घेतलं.

माझं काम साधं. गोल फिरायचं, हाक मारायची, आणि ढगातल्या थेंबांवर, गारांवर आपटून ती परत आली की ऐकायची. कान असे तिखट, की पूर्णा स्टेशनावर कुणी भजी तळायला घेतली तर कढईत पाण्याचा थेंब पडला का नाही, ते मी इथून सांगायचो. हे जरा वाढवून सांगितलं. पुढचं वाढवायची गरज नाही.

मला ऐकू आलेलं पडद्यावर उमटतं आणि ते बघायचं काम नागेशचं. रोज दुपारी तीनला त्याला येलदरीहून बबिताचा फोन यायचा. तिचा नवरा चंद्रभान धरणाच्या पाण्यात थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकायचा. तराफा म्हणजे काय, चार तुकडे आणि सुतळी. वावधान, म्हणजे वादळी वारं, सुटलं की पालथा. म्हणून तो निघायच्या आधी ती विचारायची, "नागेशभाऊ, आभाळ कसं हाय? जाऊ देऊ का यांना?" नागेश पडदा बघून सांगायचा. पाच वर्षं चंद्रभान त्याच्या एका शब्दावर पाण्यात गेला आणि धड परत आला.

मग येलदरीत रंगनाथनं वायरलेस इंटरनेट आणलं. काठावर सगळ्यात उंच घर बबिताचं. तिच्या पत्र्यावर त्याचा डबा बसला, बदल्यात तिला नेट फुकट. तीनचा फोनही ती त्याच नेटवरून करू लागली.

असे डबे माझ्याच लहरींवर बोलतात, म्हणून त्यांना एक रीत घालून दिलेली असते: रडारची हाक कानावर आली की ती लहर सोडायची, थोडा वेळ गप्प बसायचं. पण डबा गप्प बसला की गाव रंगनाथला शिव्या घालायचं. त्यानं डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन देशच बदलला. कुठल्या तरी दूरच्या मुलखाचं नाव टाकलं, जिथं ही रीत नाही. पत्रा येलदरीचा, वर बसलेला परदेशी, आणि पासपोर्ट कुणी विचारला नाही.

त्या दिवसापासून मी ईशान्येकडं वळलो की तो माझ्या कानात ओरडायचा. पडद्यावर माझ्यापासून येलदरीपर्यंत आणि त्याच्याही पुढं एक लख्ख पट्टा उमटायचा. नागेशला वाटलं, पाऊसच. त्यानं ओळीनं तीन दिवस बबिताला नको म्हणून सांगितलं. तिन्ही दिवस कडक ऊन. चौथ्या दिवशी चंद्रभाननं स्वतः फोन घेतला आणि विचारलं, "साहेब, रडार हाय का पोपटवाला जोतिषी?"

नागेशनं वरच्या ऑफिसला दोनदा लिहिलं. उत्तर आलं नाही. पट्टा मात्र रोज यायचा आणि बघायला येणारा प्रत्येक जण त्याबद्दल विचारायचा. शेवटी नागेशनं पडद्यावर तेवढ्या लांबीची खाकी चिकटपट्टी लावून टाकली. कुणी विचारलंच तर म्हणायचा, ते रोजचंच हाय.

एप्रिलातल्या त्या दुपारी वावधान नेमकं पट्टीखाली होतं. डब्याच्या ओरड्यातही मला गारा ऐकू आल्या, बाजाराच्या गलबल्यात कुणी आपलं नाव घ्यावं तशा. जेवढं ऐकलं तेवढं मी पडद्यावर टाकलं. वर खाकी कागद.

बबितानं विचारलं. नागेश म्हणाला, "जाऊ द्या, ताई. कोरडं हाय."

तराफा दुसऱ्या दिवशी सापडला. चंद्रभान तिसऱ्या.

मग मात्र वरून माणसं आली. हातात अँटेना धरून पट्ट्याच्या मागं मागं गेली आणि बबिताच्या दारात थांबली. नागेश सोबत होता. त्यानं मान खाली घालून डब्याचं सांगितलं, चिकटपट्टीचंही सांगितलं. बबितानं सगळं ऐकून घेतलं.

"ज्याच्यावरून मी तुमाला इचारत व्हते," ती म्हणाली, "त्यानंच तुमचे डोळे झाकले व्हय?"

शिडी लावून ती वर चढली आणि डबा तिनं स्वतःच्या हातानं उपटला.

आठ दिवस माझा कान मोकळा होता. नवव्या दिवशी गाव जमलं. पोरांचे फॉर्म अडले होते, जावयांचे व्हिडिओ कॉल अडले होते. बबिताला सगळ्यांनी समजावलं, की झालं ते लय वाईट झालं, पण नेट तर लागतंच. नवा डबा पाण्याच्या टाकीवर चढला. देश तोच, दूरचा. चौकशीच्या अहवालात लिहिलं गेलं: रडार जुने झाले आहे. माझं वय नऊ वर्षं.

घर चालवायचं म्हणून आता चंद्रभानची जाळी बबिता टाकते. नागेशनं चिकटपट्टी काढली, पण पट्टा कसा काढणार? ती विचारते तेव्हा तो खरं सांगतो, की ताई, तुमच्याकडचं मला दिसत न्हाई. ती बरं म्हणते आणि तराफा पाण्यात लोटते.

आत्ता सेलूच्या अंगानं एक ढग उठलाय. पोटात गारा आहेत. माझ्या डोक्यावरून तो ईशान्येकडं निघालाय. इथवर तो मला दिसतोय, पुढं दिसणार नाही. येलदरीकरांनो, डबा बंद करा. अर्धा तास गप्प बसा. बाई पाण्यात आहे.