पाटीवर नाव मंगलचं

मी पत्र्याची पाटी बोलतेय. आळंदच्या बस स्टँडामागे सिद्धरामच्या दुकानावर माझं सारं आयुष्य गेलं. वर कन्नड, खाली मराठी, दोन्हीत नाव एकच: ‘मंगल मंडप डेकोरेशन’. मंगल ही सिद्धरामची बायको. पेंटरने नाव विचारलं तेव्हा ते सांगताना हा गडी असा काही लाजला होता, की पेंटरच हसायला लागला.

सिद्धराम मूळचा निंबर्ग्याचा. घरची मेंढरं वडिलांच्या काळातच संपली. हा दुसऱ्यांच्या मंडपाचे खांब रोवता रोवता स्वतः मालक झाला. मंगल कनातींना ठिगळं लावायची आणि सकाळी पदराने मला पुसायची. तिला वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव कुठून सुरू होतं ते बरोबर बोटाने दाखवायची. पुढे दोघांनी गावाबाहेर घरापुरती जागा घेतली. भिंत उभी राहायच्या आधीच मंगलने तिथे शेवगा लावला. मी तर फुगूनच गेले. वाटायचं, हे सगळं माझ्याच जोरावर चाललंय!

मग निवृत्त हेडमास्तर नरहररावांच्या भार्गवीचं लग्न ठरलं. मंडप, खुर्च्या, दिवे, सगळ्याचा करार झाला. सिद्धरामने सही केली. पण ऐन हंगामात त्याची माणसं बांधकामाच्या मजुरीला हैदराबादला निघून गेली. तेव्हाच मास्तरांना सांगायचं ना! हा आपला ‘येतील, येतील’ म्हणत बसला. लग्नाच्या दिवशी वऱ्हाड वैशाखाच्या उन्हात उभं राहिलं. मास्तरांनी दुप्पट दराने गुलबर्ग्याहून मंडप मागवला, पण तो येईपर्यंत मुहूर्त टळून गेला.

मास्तरांनी भरपाई मागितली. शेजारचा टायरवाला अनिलकुमार लगेच अक्कल शिकवायला आला.

“पाटीवर अक्काचं नाव हाय की. मालकीण ती हाय म्हणून सांग. बाईमाणसाच्या अंगावर कोण येणार हाय? कामून घाबरायलास?”

सिद्धराम हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. आत कनात शिवणाऱ्या मंगलचा हात मात्र थांबला. त्या दिवशी मला माझ्याच अक्षरांची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मास्तर वकिलांना घेऊन आले. वकिलांनी मला वाचलं आणि विचारलं, “मालक कोण?”

सिद्धरामने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. अरे बाबा, माझ्याआड लपू नकोस, असं ओरडावंसं वाटलं. पण पत्र्याला कुठला आवाज!

“मी,” तो म्हणाला. “नाव तिचं हाय, धंदा माजा. सही मी केलो. चूक बी माजीच.”

वकिलांनी त्याला समजावून सांगितलं. एकट्याच्या धंद्यात धंदा आणि मालक वेगळे नसतात. करार मोडला आणि दुकानातून भरपाई झाली नाही, तर ती मालकाच्या घरादारातून करावी लागते.

“जागा जाईल रे, सिद्धराम,” मास्तर हळूच म्हणाले.

“कळायलंय, सर. पण तुमच्या पोरीचा मुहूर्त गेला, त्यो मी कुठून आणू?”

शेवग्यासकट जागा विकली. भरपाई चुकती करून सिद्धराम दुकानात आला आणि मान खाली घालून बसला.

“तुजं घर घालवलो, मंगल.”

“घराचं काय, हुईल कवातरी,” ती म्हणाली. “तुमी माजं नाव पुढं करताव की काय, ह्या भेवानं मला घास गिळंना झालता.” एवढं बोलून ती रडली, आणि मग तोही रडला.

आता दुकानावर फ्लेक्सचा चकचकीत बोर्ड आहे. मी मागच्या भिंतीला टेकून गंजत बसलेय. दोघं अजून भाड्याच्या खोलीत राहतात, आणि जाता-येता मंगल अजूनही माझ्यावरून पदर फिरवते. माझं काही दुखत नाही. फक्त एक विनंती आहे. कुठेही सौदा कराल तेव्हा नुसती पाटी वाचून विसंबू नका. दारात उभे राहा आणि मालक कोण म्हणून विचारा. ‘मी’ म्हणत कुणी पुढे आला, तर त्याच्याशी खुशाल व्यवहार करा.